मोटारीचा श्वास आणि त्याचा हिशेब

मनुष्य अन्नावांचून कांहीं दिवस काढूं शकतो, हवेवांचून कांहीं मिनिटेंहि काढूं शकत नाहीं. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाहीं. पेट्रोल किती लागलें याचा हिशेब प्रत्येक घरांत ठेवला जातो, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. वस्तुतः एक लिटर पेट्रोल नीट जळण्यास सुमारें ९,००० लिटर हवा लागते. वजनानें पाहिलें तर एक भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा असें हें प्रमाण आहे. घरमालक हा हिशेब ठेवीत नसला तरी इंजिन तो प्रत्येक क्षणाला ठेवीत असतें. आणि मोटारीची हवेची नळी बदलल्यावर जे बिघाड सुरू होतात, त्यांचें मूळ बहुतेक वेळां या हिशेबांतच सांपडतें.

कल्पना करावी कीं, पुण्यांतील एका मध्यम स्थितीच्या कुटुंबांत एकच मोटार आहे. घरांतील आजोबांना आठवड्यांतून दोनदां दवाखान्यांत न्यावें लागतें, त्यामुळें ती चैनीची वस्तु नसून गरजेची आहे. मोटार सहा-सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी आणि आजवर कधीं कुरकुर न केलेली. नातवाला हौस आली. त्यानें एका रविवारीं बॉनेट उघडून एअर फिल्टरची मूळची काळी पेटी काढली आणि तिच्या जागीं बाजारांतून आणलेली चकचकीत ॲल्युमिनियमची नळी व तिच्या तोंडाशीं शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसविला. या जोडणीला बाजारांत ‘एअर इनटेक’ म्हणतात. संध्याकाळीं इंजिनाचा आवाज भरदार येऊं लागला आणि नातू खूष झाला. सोमवारीं सकाळीं आजोबांना घेऊन निघालेली मोटार पहिल्याच सिग्नलपाशीं बंद पडली. पुन्हां सुरू केली तेव्हां इंजिन हेलकावे खात होतें, आणि काट्यांच्या तबकडीजवळ इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता.

मग सल्ल्यांना तोटा राहिला नाहीं. एका मेकॅनिकनें प्लग बदला म्हणून सांगितलें, दुसऱ्यानें पेट्रोलच्या पंपावर ठपका ठेवला, तिसऱ्यानें इंजेक्टर साफ करण्याचा खर्च कागदावर मांडून दिला. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार. मागच्या आसनावर स्वस्थ बसलेल्या आजोबांनीं मात्र एकच प्रश्न विचारला :

“अरे, शनिवारपर्यंत गाडी नीट चालत होती ना? मग रविवारीं काय काय काढलेंस आणि काय काय लावलेंस, तेवढें ओळीनें सांग बघूं.”

“आजोबा, कांहीं नाहीं हो, नुसती नळी बदलली.”

या ‘नुसती’ शब्दांतच सर्व गोम आहे. ती समजण्यास इंजिन हवा कशी मोजतें हें आधीं पाहिलें पाहिजे.

जुन्या मोटारींत कार्बोरेटर असे. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशकें धांवलेल्या पद्मिनी टॅक्सींत तोच होता. त्याची युक्ति साधी होती. आंत जाणारी हवा एका अरुंद गळ्यांतून वेगानें जाई, तेथें तिचा दाब कमी होई, आणि त्या ओढीनें पेट्रोल आपोआप वर येऊन हवेंत मिसळे. हवा जास्त आली कीं पेट्रोलहि जास्त ओढलें जाई. मापणारा आणि वाढणारा एकच होता. १९६७ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीची विजेवर चालणारी पेट्रोल-फवारणीची पद्धत फोक्सवॅगन मोटारींत आली आणि पुढें हीं दोन कामें वेगळीं झालीं. आजच्या मोटारींत हवा मोजतो एक सेन्सर, हिशेब करतो एक लहानसा संगणक आणि पेट्रोल वाढतात इंजेक्टर. संगणकाला हवा दिसत नाहीं. त्याला दिसतो तो केवळ सेन्सरनें पाठविलेला आंकडा. आणि त्या आंकड्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो.

हा सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्यास मेकॅनिक लोक ‘एअरफ्लो सेन्सर’ म्हणतात. फिल्टरच्या पुढें, हवेच्या वाटेंतच, एक अतिसूक्ष्म तार किंवा पातळ पत्री विजेनें तापवून ठेवलेली असते. चहाच्या बशीवर फुंकर घातली कीं चहा निवतो. तसें वाहत्या हवेनें ही तार निवूं लागते. ती पुन्हां ठराविक उष्णतेवर आणण्यास किती वीज लागली, यावरून किती हवा गेली हें कळतें. दुसऱ्या प्रकारास ‘मॅप सेन्सर’ म्हणतात. तो वाहती हवा मोजीत नाहीं. इंजिनाच्या तोंडाशीं असलेल्या पोकळींतील दाब मोजतो, आणि त्या दाबावरून व इंजिनाच्या गतीवरून संगणक हवेचा अंदाज बांधतो. कांहीं मोटारींत दोन्ही सेन्सर असतात. नवी नळी बसविण्यापूर्वीं आपल्या मोटारींत यांपैकीं कोणता प्रकार आहे हें जाणणें ही पहिली सावधगिरी होय, कारण नळी बदलल्यामुळें होणारे बहुतेक घोटाळे पहिल्या प्रकारच्या मोटारींतच होतात.

एअरफ्लो सेन्सरची एक मर्यादा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नळींतून जाणारी सगळी हवा त्या तारेवरून जात नाहीं. तिचा एक लहानसा अंश तेवढा जातो. त्या अंशावरून एकूण हवा किती हें संगणक ठरवितो. शितावरून भाताची परीक्षा करावी, त्यांतलाच हा प्रकार. पण ही परीक्षा खरी ठरते ती भांडें ठरलेलें असेल तरच. अमुक व्यासाच्या नळींत अमुक वेगाची हवा म्हणजे एकूण इतकी हवा, हें कोष्टक कारखान्यांत मूळच्या नळीवरून तयार करून संगणकांत भरलेलें असतें. नळी बदलली तरी कोष्टक जुनेंच राहतें.

संगणकाच्या या कारभारावर एक हिशेबतपासनीसहि नेमलेला असतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या मार्गांत ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत ऑक्सिजन जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलें, आणि कमी उरला तर पेट्रोल जास्त झालें, असा त्याचा अहवाल असतो. त्या अहवालावरून संगणक पेट्रोलमध्यें जी वाढ किंवा घट करतो तिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. ती शेकड्यांत दाखवितात. निरोगी मोटारींत ती शून्याच्या आसपास, फार तर १० च्या आंत, कमीअधिक होत असते. ती अधिक २५ च्या सुमारास पोंचली म्हणजे संगणकानें आपल्या अधिकाराची सीमा गांठली. मग तो दिवा लावून मालकाकडे तक्रार करतो.

एवढें समजलें म्हणजे बिघाडांची वर्गवारी सोपी होते. नवी नळी बसविल्यावर इंजिन बिघडलें तर प्रथम दोनच प्रश्न विचारावे. इंजिनांत शिरणारी सर्व हवा सेन्सरवरून जाते काय? आणि सेन्सरवरून जाणारी हवा खरी मोजली जाते काय? पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर कोठें तरी चोरवाट आहे. दुसऱ्याचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर सेन्सर मळला आहे, उलटा बसला आहे, नाहींतर चुकीच्या नळींत बसला आहे. प्लग, पंप आणि इंजेक्टर यांचा विचार या दोन प्रश्नांनंतर करावा.

शोध करतांना स्वस्तांतून महागाकडे आणि डोळ्यांकडून यंत्राकडे जावें. प्रथम इंजिन थंड असतांना, किल्ली काढून, बॉनेटखालीं शांतपणें पाहावें. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत जितके सांधे आहेत तितके बोट फिरवून तपासावे. रबराची बाही एका बाजूनें वर चढलेली, क्लॅम्प तिरपा बसलेला किंवा अति आवळल्यानें रबर कापलें गेलेलें, हे दोष वरवर पाहून दिसत नाहींत; खालच्या अंगानें हात घातल्यावरच सांपडतात. त्यानंतर लहान नळ्या मोजाव्या. इंजिनाच्या पोटांतील धूर व तेलाची वाफ बाहेर न सोडतां पुन्हां जाळण्यासाठीं एक ब्रीदर नळी मूळच्या हवानळीला जोडलेली असते. नवी नळी बसवितांना ती बहुधा विसरली जाते, किंवा बुच नसलेल्या तोट्यासकट तशीच लोंबत राहते. तो लहानसा तोटा म्हणजे न मोजलेल्या हवेची उघडी चोरवाट होय.

तसेंच विजेच्या जोडण्या पाहाव्या. एअरफ्लो सेन्सरच्या अंगावर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो इंजिनाकडे वळलेला असला पाहिजे. आंत येणाऱ्या हवेचें उष्णतामान सांगणारा सेन्सर कित्येक मोटारींत वेगळा असतो, आणि तो जुन्या पेटींतच राहून जातो. त्याची तार तुटलेली किंवा सुटलेली असली म्हणजे संगणकाला बाहेर उणे ४० अंशांची थंडी आहे असें वाटतें. पुण्याच्या उन्हाळ्यांत लडाखच्या हिवाळ्याचा हिशेब सुरू झाला तर इंजिन बिचारें काय करणार?

डोळ्यांचें काम संपल्यावर कानांचें सुरू होतें. मोटार उघड्या जागेंत उभी करून, हँडब्रेक लावून, इंजिन मंद चालूं द्यावें. सैल बाह्या, ओढणी व हात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवावे. कोठें ‘स्स्’ असा आवाज येतो काय तें ऐकावें. नवी नळी हातानें हलकेंच हलवावी. हलवितांच इंजिनाची चाल बदलली तर सांधा फुटका आहे हें उघड झालें. कांहीं लोक गळती शोधण्यासाठीं ज्वालाग्राही द्रावणाचा फवारा तापलेल्या इंजिनावर मारतात. घरगुती माणसानें हा प्रयोग मुळींच करूं नये. एका नळीच्या शोधांत आग लागणें हें परवडणारें नाहीं. चांगल्या गॅरेजांत धूर सोडून गळती दाखविणारें यंत्र असतें, तें अधिक सुरक्षित आणि अधिक खात्रीचें.

यानंतर स्कॅनर लावावा. अमेरिकेंत १९९६ सालापासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना एका ठराविक रीतीचें जोड-टोक बसविणें सक्तीचें झालें. पुढें तीच रीत जगभर पसरली आणि भारतांतहि आली. त्या टोकाला हातांत मावणारें यंत्र जोडलें कीं संगणकाची तक्रार सांकेतिक अंकांत वाचतां येते. पी ०१७१ म्हणजे मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें. पी ०१०२ म्हणजे एअरफ्लो सेन्सरचा संदेश फार क्षीण आहे. पी ०११३ म्हणजे हवेच्या उष्णतामानाचा सेन्सर जोडलेला नसावा. पी ०३०० म्हणजे निरनिराळ्या सिलिंडरांत पेट्रोल नीट पेटत नाहीं. येथें एक गोष्ट विसरूं नये. अंक तक्रार सांगतो, आरोपी सांगत नाहीं. पी ०१७१ पाहून नवा ऑक्सिजन सेन्सर विकत घेणें म्हणजे वाईट बातमी आणणाऱ्या टपालवाल्यालाच शिक्षा करणें होय.

आतां पुण्याच्या त्या मोटारीकडे वळूं या. स्कॅनर लावला तेव्हां पी ०१७१ हा अंक निघाला. इंजिन मंद चालत असतांना फ्युएल ट्रिम अधिक २५ होती. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन मिनिटास २,५०० फेऱ्यांवर नेलें तेव्हां ती अधिक १७ वर उतरली. या दोन आंकड्यांत निदानाची किल्ली आहे. चोरवाटेनें येणारी हवा साधारण तेवढीच असते. इंजिन मंद असतांना एकूण हवाच थोडी, म्हणून तींत चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. इंजिन जोरांत असतांना एकूण हवा पुष्कळ, म्हणून तोच वाटा नगण्य होतो. मंद चालींत ट्रिम जास्त आणि जोरांत कमी झाली तर गळती समजावी. उलट भार वाढेल तशी ट्रिम वाढत गेली तर मोजमाप कमी होत आहे, किंवा पेट्रोलचा पुरवठाच अपुरा आहे, असें समजावें.

पुण्याच्या मोटारींत ट्रिम उतरली, म्हणजे गळती होती. नातवानें पुन्हां खालून हात घातला तेव्हां ब्रीदरची रबरी नळी नव्या तोटीवर ताणून बसवितांना टोकाशीं चिरली असल्याचें दिसलें. योग्य मापाची नळी घातल्यावर इंजिनाचे हेलकावे थांबले, सिग्नलपाशीं मोटार बंद पडेनाशी झाली, आणि सर्वांना वाटलें कीं काम झालें. परंतु ट्रिम उतरून शून्यावर आली नव्हती. ती १७ वरच अडली होती. गळती बुजविल्यावर ती मंद चालींत आणि जोरांतहि सारखी, अधिक १६ च्या आसपास, राहिली. चार दिवसांनीं कात्रजचा घाट चढतांना मोटार धापा टाकूं लागली आणि इंजिनांतून खडखड असा बारीक आवाज ऐकूं आला. चोर दोन होते. एक पकडला गेला म्हणून दुसरा निसटला होता.

सर्व चालींत ट्रिम सारखीच चढलेली असेल तर सेन्सरच प्रमाणशीर कमी मोजतो आहे, असा अर्थ होतो. त्याचीं दोन कारणें संभवतात. पहिलें कारण मळ. बाजारांत मिळणारे कित्येक फिल्टर सुती जाळीचे असून धूळ धरण्यासाठीं त्यांना तेल लावावें लागतें. तेल अति झालें तर त्याचे सूक्ष्म कण तारेवर बसतात, त्यांवर धूळ चिकटते, आणि गोधडी पांघरलेल्या माणसाप्रमाणें तारेला वारा लागेनासा होतो. असा सेन्सर केवळ त्याच्यासाठीं मिळणाऱ्या फवाऱ्यानेंच धुवावा. किल्ली काढून सेन्सर सोडवावा, दुरून फवारा मारावा, पूर्ण सुकूं द्यावा आणि मगच बसवावा. कापूस, ब्रश, फुंकणीची जोरदार हवा किंवा कार्बोरेटर साफ करण्याचा फवारा यांपैकीं कांहींहि लावूं नये. ती तार केसाहूनहि नाजूक असते.

सेन्सर धुतल्यावरहि आंकडा तोच राहिला, तेव्हां आजोबांनीं फूटपट्टी मागविली. जुन्या नळीचा सेन्सरपाशीं आंतला व्यास ६५ मिलिमीटर भरला, नव्याचा ७० मिलिमीटर. फरक बोटाच्या नखाएवढाहि नाहीं. पण नळींतून जाणारी हवा व्यासावर नव्हे, छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. ६५ चा वर्ग ४,२२५ आणि ७० चा वर्ग ४,९००. तितकीच हवा रुंद नळींतून अधिक संथ जाते. तारेला वारा कमी लागतो. आणि संगणकाला १०० भाग हवेऐवजीं ८६ च भाग दिसतात. ८६ चे १०० करण्यास शेंकडा १६ वाढ करावी लागते. स्कॅनर दोन दिवस हीच १६ ओरडून सांगत होता.

मग साध्या चालींत मोटार बरी आणि घाटांतच धापा कां? ऑक्सिजन सेन्सर हा तपासनीस सदासर्वकाळ कामावर नसतो. इंजिनावर पूर्ण भार आला म्हणजे बहुतेक संगणक त्याचा अहवाल बाजूस ठेवतात आणि मुख्यतः हवेच्या मोजमापावर पेट्रोल देतात. मोजमाप खोटें असेल तर जेथें पेट्रोल भरपूर हवें तेथेंच तें कमी पडतें. अशा वेळीं सिलिंडरांतील मिश्रण अवेळीं व अवचित भडकतें. तोच तो खडखडाट. तो चालूं दिला तर पिस्टनला इजा होते. मिश्रण पेटलेंच नाहीं तर न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन जळतें, आणि तो महागडा भाग वितळून जातो. म्हणून पिवळा दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी. तो उघडझाप करूं लागला तर मोटार हळूच कडेला घेऊन थांबवावी.

या सर्व तपासण्यांत एक परीक्षा सर्वश्रेष्ठ आहे आणि तिला कांहींच खर्च येत नाहीं. मूळची पेटी पुन्हां बसवून पाहावी. बिघाड गेला तर दोष नव्या नळींत. राहिला तर दोष दुसरीकडे, आणि तो कदाचित् योगायोगानें त्याच दिवशीं उद्भवलेला. शाळेंत गणिताचा ताळा करतात तसा हा यंत्राचा ताळा होय. अर्थात् हा ताळा करण्यास जुनी पेटी घरांत असावी लागते. हौशी लोक ती भंगारांत देऊन टाकतात. पुष्कळ ठिकाणीं खरें नुकसान होतें तें येथें. ताळा करतांना संगणकाची जुनी आठवण पुसण्यास विसरूं नये. चुकीच्या मापावरून त्यानें जी वाढ शिकून ठेविली असते ती तो लगेच सोडीत नाहीं. स्कॅनरनें ती पुसावी आणि मग कांहीं दिवस निरनिराळ्या चालीनें मोटार चालवून त्याला नवा धडा शिकूं द्यावा. पहिल्या तासांतच निकाल लावूं नये.

इंजिन नीट चालत असलें तरी आणखी तीन गोष्टींचा विचार सुज्ञ मालकानें करावा : उष्णता, धूळ आणि पाणी. मूळची पेटी हवा बहुधा बॉनेटच्या पुढील थंड बाजूनें घेते. उघडा फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली कीं तिचें वजन शेंकडा ९ नें घटतें, म्हणजे शक्ति वाढविण्यासाठीं बसविलेली नळी गर्दीच्या रस्त्यांत शक्ति कमी करते. शिवाय शहरांत थ्रॉटलची झडप अर्धवटच उघडी असते. इंजिनाचा श्वास अडवून धरते ती झडप, फिल्टर नव्हे. म्हणून रोजच्या वापरांत अशा नळीपासून शक्तीचा लाभ थोडा आणि आवाजाचाच जास्त. धुळीची गोष्ट तर उघडच आहे. रस्त्यावरच्या धुळींत गारेचे कण असतात आणि ते पोलादाला ओरखडे काढूं शकतात. नीट न बसलेल्या फिल्टरच्या कडेनें शिरलेली धूळ वर्षभरांत सिलिंडर झिजविते.

पाण्याचा धोका महाराष्ट्राला नवा नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि बुडालेल्या असंख्य मोटारींच्या इंजिनांत पाणी शिरलें. थंड हवेसाठीं कांहीं इनटेकच्या नळ्या थेट बंपरच्या मागें, जमिनीलगत, नेलेल्या असतात. अशा मोटारीला पूर यावा लागत नाहीं. रस्त्यांत तुंबलेलें गुडघाभर पाणीहि पुरतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. चार सिलिंडरांच्या १,२०० सीसी इंजिनांत पिस्टन वर आल्यावर प्रत्येक सिलिंडरांत सुमारें ३३ मिलिलिटरचीच जागा उरते. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी ! त्याहून जास्त पाणी आंत असतांना इंजिन फिरलें तर पिस्टनचा दांडा वांकतो. पाण्यांत बंद पडलेली मोटार पुन्हां सुरू करण्याचा प्रयत्न म्हणूनच करूं नये; ती ओढून न्यावी.

कायद्याचाहि थोडा विचार हवा. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, जेथें मोटारींत फेरफार करण्याची ही हौस फार जुनी आहे, तेथेंच अशा इनटेकला हवा-प्रदूषण मंडळाच्या हुकुमाचा क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर रस्त्यावर ती नळी वापरतां येत नाहीं. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मोटारींतील फेरफारांसंबंधीं आहे. त्याखेरीज कंपनीची हमी आणि विम्याच्या अटी असतातच. नळी विकत घेण्यापूर्वीं एकदां विचारपूस करणें हें नंतरच्या वादापेक्षां सोपें.

पुण्याच्या त्या घरीं पुढें काय झालें? नातवानें नळीच्या मापाप्रमाणें संगणकाचें कोष्टक बदलून घेण्याचा खर्च विचारला, आजोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या मोजल्या, आणि एका संध्याकाळीं माळ्यावरून काळी पेटी खालीं काढली. पेटी बसविल्यावर ट्रिम अधिक २ वर आली आणि घाटांतला खडखडाट नाहींसा झाला. भरदार आवाज गेला याची त्याला थोडी हळहळ वाटली. आजोबांनीं त्याला रागें भरलें नाहीं. “एका आठवड्यांत इंजिन शिकलास कीं रे,” एवढेंच ते म्हणाले.

मोटारींत फेरफार करणें हें पाप नव्हे. योग्य मापाची, त्याच मोटारीसाठीं तपासलेली नळी नीट बसविली तर ती वर्षानुवर्षें निर्वेध चालूंहि शकते. परंतु ज्या भागाला हात लावावयाचा तो भाग कोणतें काम करीत होता हें आधीं विचारावें. त्या काळ्या पेटीचें काम केवळ हवा गाळण्याचें नव्हतें. ती सेन्सरचें माप होती, पावसांतली छत्री होती आणि उन्हांतली सावलीहि होती. बिघाड झाल्यावर नवे भाग विकत घेण्यापूर्वीं शेवटीं कशाला हात लागला हें आठवावें, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, प्रत्येक वेळीं आंकडा लिहून ठेवावा, आणि परतीची वाट मोकळी ठेवावी. हवा फुकट मिळते हें खरें. पण तिचा हिशेब चुकला तर त्याचे पैसे मालकालाच मोजावे लागतात.